अरुंधतीचा फोटो

पाडव्याच्या रात्री जेवणं उरकल्यावर अक्का परसातल्या बाजेवर जाऊन बसली. बराच वेळ मान वर करून बघत राहिली आणि मग उद्या भाजी कोणती करू, असं विचारावं तितक्या सहज म्हणाली, "मला अरुंधती दिसंना. घटस्थापनेपातुर मी जानार बग."

मी हातातला तांब्या खाली आपटला. माझा स्वभाव तसा पहिल्यापासून भडकू. पण त्या रात्री रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते मला आवडलं नाही. आपल्याकडे म्हणतात ना, की सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याच्या अगदी कुशीत बसलेली ती बारकी अरुंधती ज्याला दिसेनाशी होते, त्याचं आयुष्य सहा महिने उरलं. लग्नात नवरा-नवरीला ती मुद्दाम दाखवतात, ती वेगळ्या कारणानं, जोडा टिकावा म्हणून. पण अक्काच्या डोक्यात ही दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली होती, आणि त्याला तसंच कारण होतं.

अक्का माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. वैशाखातलं गोरज मुहूर्ताचं लग्न, सगळं आटोपेतो चांदणं पडलं. भटजींनी मांडवाबाहेर नेऊन दोघांना आकाशात बोट दाखवलं, दिसली का म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, दिसली. नवरदेव पंधरा वर्षांचा. तो म्हणाला, मला एकच तारा दिसतो. सगळा मांडव हसला. दसऱ्याच्या आत तो तापानं गेला. अक्का आमच्या गावी, चऱ्होलीच्या अंगाला, परत आली ती कायमची. पुढं मी झालो, माझ्या जन्मानंतर आई फार दिवस राहिली नाही, आणि मला अक्कानं वाढवलं. मी आई कधी कुणाला म्हटलंच नाही, मला त्या शब्दाची गरज पडली नाही.

उन्हाळ्यात आम्ही उघड्यावर झोपायचो तेव्हा तिनंच मला आकाश शिकवलं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवून नेणारे तीन चोर. मधला चोर म्हणजेच वसिष्ठ. तिला ऋषी चोर झाल्याचं काही वाटत नसे. त्याच्या शेजारी अरुंधती सापडली की ती स्वतःशीच "हाय" म्हणायची आणि कुशीवर वळायची. दर उन्हाळ्यात, दर रात्री. मला वाटायचं, देवाला हात जोडावेत तसं काहीतरी आहे. ती हजेरी घेत होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी मॅट्रिक झालो, पिंपरीला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो आणि अक्काला घेऊन आलो. पन्नासचं दशक निम्म्यावर आलेलं. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर दोन खोल्या, मागं परस, परसात कडुनिंब आणि त्यापुढं नुसतं माळरान. अंधार असा की शेजाऱ्याची विडी दिसायची.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी मी अक्काला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचबिंदू सांगितला. म्हणाले, रात्रीचं दिसणं आधी जातं, मग कडा जातात. दिवसा त्यांना कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखं मधलंच तेवढं दिसत असणार. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली ऑपरेशननं राखता येईल, पण पावसाळा उलटू देऊ नका.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "मला सा महिनं काडायचं हायती. त्येवड्यासाठी डोळं कशाला कापून घिऊ?"

मी तिला परोपरीनं सांगितलं. अरुंधती आहे तिथंच आहे, तुझे डोळे गेले म्हणून दिसत नाही. ती म्हणाली, "डोळं गेलं म्हनूनच तर दिसत न्हाई. त्येच तर सांगत्यात." मी तिला पुस्तकातला नकाशा दाखवला, त्यावर सात ठिपके आणि शेजारी आठवा. तिनं तो डोळ्यांजवळ धरून नीट बघितला आणि परत दिला. "ह्ये कुनीबी काडंल. मला आबाळातली दिसली पायजे."

"आणि फोटो काढून दाखवला तर?"

फोटोवर तिचा विश्वास होता. गावात पूर्वी बांधावरून एक भांडण झालं होतं, ते एका जुन्या फोटोतल्या आंब्यावरून मिटलं होतं. "फोटू खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "फोटूत दाव. मंग तू म्हनशील तितं यीन, डोळं काडून ठेव म्हनलास तरी ठिवीन."

अक्कानं शब्द दिला म्हणजे दिला. मला वाटलं, जिंकलो.

आमच्या पलीकडे निर्वासितांच्या छावणीत एक सिंधी गृहस्थ राहायचे. स्टेशनबाहेर कापडाचे तुकडे विकायचे. येताना दागिने राहिले, पण घडीचा एक कॅमेरा आणि त्याची लाकडी तिकाटी मात्र त्यांनी आणली होती. बायको त्यावरून अजून बोलते, असं हसून सांगायचे. त्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हे, काचेची प्लेट घालायची. एका प्लेटीवर एकच फोटो. मी मागितला तसा त्यांनी दिला. म्हणाले, "सितारों का? बीस तक गिनना, बस. ज्यादा गिना तो लकीर बन जाएगी." आकाश फिरतं, म्हणून वीसच्या पुढं मोजलं तर ठिपक्याची रेघ होते, हे मला त्या कापडवाल्यानं शिकवलं.

पुण्यातल्या एका स्टुडिओत प्लेटी मिळायच्या. त्यांच्याकडे चारच शिल्लक होत्या, पुढची पेटी मुंबईहून यायची होती. मालकाला मी आकाशाचा फोटो काढायचाय म्हणालो तेव्हा तो काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसला. मी तापलो, पण प्लेटी त्याच्याकडेच होत्या.

वैशाखातली अमावास्या जवळ आल्यावर मी सुरुवात केली. पहिली प्लेट गोधडीखाली घुसून भरताना उलटी भरली. दुसरीच्या वेळी सगळं नीट झालं. ती सिंधी शेजाऱ्यांनी त्यांच्याच मोरीत, दाराला कांबळी लावून धुतली. पण वैशाखातलं पाणी, माठातलं घेतलं तरी कोमटच. प्लेटीवरचा थर दुधावरच्या साईसारखा सुटला आणि बोटांना चिकटून आला. ते बिचारे किती वेळ "माफ करना" म्हणत होते. मी त्यांना काही बोललो नाही, घरी येऊन अक्कावर ओरडलो. तिसऱ्या प्लेटीला वीस मोजताना सतराला ढग आला.

चौथ्या रात्री मी कॅमेरा कडुनिंबाच्या अंगाला लावला, बाज आणि तिन्ही चोर वर नीट सापडतील असा. साडेआठ-नऊची वेळ. झाकण काढलं आणि मोजायला लागलो. आठ, नऊ, दहा. तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि अक्का कंदील घेऊन बाहेर आली. "अरं, ताट वाडून ठेवलंया, गार व्हतंय."

"कंदील आत ने!" मी इतक्या जोरानं ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ती चाचपडत वळली. पण उजेड वरच्या फांदीवर पडायचा तो पडून गेला होता. वीसला मी झाकण लावलं आणि प्लेट वाया गेली असं धरून तसाच पायरीवर बसलो. अक्कानं ताट बाहेर आणून दिलं. मी जेवलो नाही. आज ते ताट आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ही प्लेट मात्र मी शेजाऱ्यांकडे धुवायला दिली नाही. डब्यात घालून, डबा पोटाशी बांधून, सायकल मारत पुण्याला नेली, कारण स्टुडिओत बर्फ होता. दुसऱ्या दिवशी मालकानं मला ओली प्लेट खिडकीपाशी धरून दाखवली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, आकाश पांढरं आणि तारे काळे. खाली एका कोपऱ्यात फांदी उमटलेली होती. आणि वर चार पाय, तीन चोर, आणि मधल्या चोराच्या कुशीत, टाचणीच्या टोकाएवढा, वेगळा, स्पष्ट ठिपका.

मालक हसायचा थांबला. "आलंय की हो," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, हे मोठं करून द्या, बारा इंची. माझ्या बहिणीला अगदी अंधुक दिसतं, तेव्हा स्वच्छ पाहिजे, कुठं एक डाग राहता कामा नये. हे वाक्य मी एकदा नाही, दोनदा म्हणालो. त्यानं पाकिटावर लिहून घेतलं: मोठा करणे, डाग काढणे. आठ दिवसांनी या म्हणाला.

मी घरी येऊन अक्काला सांगितलं, आहे. दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतलं चांगलं लुगडं काढून उन्हात टाकलं. दवाखान्यात नेसून जायला.

आठ दिवसांनी मालक गावाला गेलेला होता. आतून टचिंग करणारे काका बाहेर आले. साठीच्या पुढचे, डोळ्यावर घड्याळजीसारखं भिंग, बोटांना शाई. त्यांचं काम म्हणजे लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण पुसायचे, प्लेटीवरचे डाग बारीक पात्यानं खरवडायचे. त्यांनी पाकीट उघडून फोटो माझ्यापुढं ठेवला. काळाभोर कागद. कोपऱ्यात कडुनिंबाची फांदी.

"तीन दिवस बसलो तुमच्या प्लेटीवर," काका म्हणाले. "पार बुरशी धरली होती हो. मागच्या सगळ्या काळ्या पडद्यावर बारीक बारीक ठिपके. पण एक ठेवला नाही. पाकिटावर लिहिलंच होतं, बहिणीसाठी आहे म्हणून मालकही बोलले होते. म्हटलं, मन लावून करू. माणूस मात्र कुठं दिसला नाही, हलला असेल. पण झाड छान आलंय."

मी प्लेट मागितली. उजेडाला धरली. जिथं तारे होते तिथं पात्याचे बारीक, नाजूक ओरखडे होते, आणि त्यांवरून इतकी सफाईनं पेन्सिल फिरवलेली की ओरखडेही शोधावे लागत होते. म्हाताऱ्याच्या हातात खरंच कसब होतं. वसिष्ठाच्या जागी मी भिंग लावून पाहिलं. काही नव्हतं.

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. काका माझ्याकडे बघत होते, कौतुकाची वाट बघतात तसे. तीन दिवस त्यांनी माझ्या बहिणीसाठी मान मोडली होती. आणि डाग काढा हे सांगणारा मीच होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला नाही. "छान झालंय," मी म्हणालो आणि पाकीट घेऊन पायऱ्या उतरलो.

प्लेटींची पेटी मुंबईहून आली तेव्हा मृग लागून गेला होता. मी रोज रात्री परसात जाऊन उभा राहायचो, ढग फाटेल म्हणून. एकदा बाजेचे दोन पाय दिसले. एकदा नुसता ध्रुव. मोजायला सुरुवात करावी तोवर तेही मिटायचं. सप्तर्षी आता रोज थोडे लवकर पश्चिमेला कलत होते. ढगांवर ओरडता येत नाही, तरी मी ओरडलो.

अक्का रोज विचारायची, फोटू आला का. मी म्हणायचो, अजून व्हायचाय. शेवटी एका दुपारी ती देवळात गेलेली असताना मी तो काळा फोटो, पुस्तकातला नकाशा आणि अक्काच्याच शिवणाच्या सुया घेऊन बसलो. बाजेचे चार पाय टोचले, तीन चोर टोचले. मग सर्वांत बारीक सुई घेतली आणि वसिष्ठाच्या शेजारी अरुंधती टोचली. मनाला समजावलं की हे खोटं नव्हेच. जे होतं आणि काकांनी पुसलं, ते मी जागच्या जागी परत ठेवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. मी अक्काला पायरीवर बसवलं आणि म्हटलं, उजेडाला धरून बघ. तिनं फोटो दोन्ही हातांनी धरला, नाकाजवळ आणला, हळूहळू सरकवत गेली, त्या कुलपाच्या भोकातून एकेक जागा शोधत. सुईच्या छिद्रांतून ऊन येत होतं. आणि मग तिचा चेहरा उजळला. मी तो तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"हाय की रं! ही बाज... एक, दोन, तीन, चार. ह्यो पयला चोर." ती पुढं सरकली. "ह्यो मदला... आन ही बग. ही बग, हाय!"

मी चोर, आणि चोराच्या मनात चांदणं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, हातांकडे नाही. तिची बोटं कागदाच्या पाठीमागं होती. ती थांबली. बोटं एकदा फिरली, परत मागं आली, त्याच जागी थांबली.

"तारा हाताला लागती व्हय रं?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. काका, पातं, ढग, सुई, सगळं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिचे पाय धरले. म्हटलं, अक्का, ती तिथं होती, मी या डोळ्यांनी काचेवर बघितली, तू नुसतं 'दिसली' म्हण. तुला दिसली होतीच ना आत्ता? म्हण आणि चल.

तेव्हा तिनं मला ते सांगितलं. "लग्नात मलाबी दिसली नव्हती. झोप आलती, मान वर व्हत नव्हती. भटजी म्हनले दिसली का, मी म्हनले दिसली. त्यो खरं बोलला. खोटं मी बोलले, आन गेला त्यो." ती कागदावरून हात फिरवत राहिली. "पुना न बगता दिसली म्हनू? न्हाई रं माज्याच्यानं."

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. भांडलो, उपास केला, एकदा दारात टांगा आणून उभा केला. तिनं चौकट धरली आणि टांगेवाला लाजून निघून गेला. ज्या बाईनं आपल्याला अंगाखांद्यावर वाढवलं तिला पोत्यासारखं उचलून नेता येत नाही. श्रावणात ती भिंतीला हात लावून चालायला लागली. भाद्रपदात तिनं तांदूळ निवडायला घेतले आणि थोड्या वेळानं सूप माझ्याकडे सरकवलं. मी कारखान्यात दिवसभर लोकांची औषधं तपासायचो आणि संध्याकाळी घरी येऊन हे बघायचो.

घटस्थापना आली. अक्कानं पहाटे न्हाऊन घट बसवले, माती मीच पसरली, कारण तिला पत्रावळीची कड सापडेना. मग ती दाराशी जाऊन बसली. दिवसभर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. तिच्या अंगावर ते चांगलं लुगडं होतं.

"म्या तर जित्ती हाय," ती म्हणाली, थोडी ओशाळून. "चल तुज्या डाक्टरकडं."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बत्ती धरली. एका डोळ्यात, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. मला बाजूला घेऊन म्हणाले की आता राखण्यासारखं काही उरलेलं नाही. तेवढंच म्हणाले. पाडव्याच्या सुमाराला आलो होतो हे त्यांच्या लक्षात होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

परत येताना टांग्यात अक्का माझ्या दंडाला धरून बसली होती. काय म्हणाले, असं तिनं विचारलं नाही. खडकीच्या पुढं आल्यावर, रस्त्यावर ऊन असताना, ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "फोटू दावलास तवा म्हनायला पायजे व्हतं रं मी. दिसली म्हून."

त्यानंतर ती एकवीस वर्षं जगली. दर पाडव्याला रात्री परसात बाज टाकायला सांगायची, मला शेजारी बसवायची आणि विचारायची, "हाय का?" मी वर बघायचो. दिसली की म्हणायचो, "आहे." ढग असले की मी गप्प बसायचो, आणि तीही मग काही विचारायची नाही.